गळा आणि गिटार वेगळे करू नका: एका सिंगर-साँगरायटरचा अल्बम रेकॉर्ड करताना

पहिल्या दिवशी आम्ही तीन गाणी रेकॉर्ड केली आणि तिन्ही फेकून दिली. चूक माझी, म्हणजे निर्मात्याची होती. नेहमीच्या सवयीने आधी क्लिकवर, म्हणजे ठरावीक लयीच्या टकटकीवर, गायिकेची गिटार घेतली, मग तिला हेडफोन लावून त्यावर गाऊन घेतलं. सूर जागेवर, ताल जागेवर, आवाज स्वच्छ. पण दोन महिन्यांपूर्वी माझ्यासमोर खुर्चीत बसून तिने हीच गाणी म्हटली होती, तेव्हा जे अंगावर आलं होतं ते स्पीकरमधून येतच नव्हतं.

संध्याकाळी तिचं फोनवर केलेलं जुनं रेकॉर्डिंग आणि आमचं नवं आलटून पालटून ऐकलं, तेव्हा उलगडा झाला. अंतऱ्याच्या शेवटच्या ओळीआधी ती श्वास घेते आणि त्या श्वासापुरता तिचा उजवा हात रेंगाळतो. मुखड्यावर परतताना लय मिनिटाला ७४ ठोक्यांवरून ७७-७८ वर चढते. शब्द दबक्या आवाजात आला की बोटंही हलकी पडतात. मी जिला साथ समजत होतो ती गिटार म्हणजे तिचा दुसरा गळा होता, आणि मी दोघांची ताटातूट केली होती.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही गाणं आणि वादन एकाच वेळी, एकाच खोलीत रेकॉर्ड केलं. पुढचे सगळे निर्णय या एका निर्णयातून निघाले. स्वतः लिहिणारा, स्वतः चाल लावणारा आणि स्वतः वाजवत गाणारा कलाकार तुमच्यासमोर असेल, तर हे सगळं कसं करायचं ते क्रमाने सांगतो.

माइक लावायच्या आधी

ती २३ गाणी घेऊन आली होती. अल्बममध्ये ९ राहिली. निवड करायची पद्धत साधी ठेवा: प्रत्येक गाणं एका बैठकीत, एका फोनवर, काहीही न सजवता रेकॉर्ड करा आणि आठवडाभर त्याला हात लावू नका. आठवड्यानंतर यादी न बघता कोणती गाणी आठवतात ते लिहून काढा. तिने तिची यादी केली, मी माझी. सहा गाणी दोन्हीकडे होती. उरलेल्या तीन जागांसाठी आम्ही भांडलो, आणि ते भांडण याच टप्प्यावर झालेलं बरं असतं.

ही साधी रेकॉर्डिंग कधीही पुसू नका. १९८२ साली आलेला अमेरिकन गायक ब्रूस स्प्रिंगस्टीनचा ‘नेब्रास्का’ हा अल्बम मुळात घरी चार ट्रॅकच्या, म्हणजे चार आवाज वेगवेगळे घेणाऱ्या, कॅसेट रेकॉर्डरवर केलेला कच्चा खर्डा होता. नंतर वादकांचा ताफा घेऊन तीच गाणी वाजवून पाहिली, पण कॅसेटवरची गंमत येईना, म्हणून शेवटी कॅसेटच प्रसिद्ध झाली. आपल्या प्रत्येक खर्ड्याचा अल्बम होईल असं नाही. पण काम सुरू झाल्यावर आपण भरकटलो का, हे तपासायला खर्ड्यासारखा दुसरा साक्षीदार नाही. पहिल्या दिवसाची माझी चूक त्यानेच दाखवली.

मग शब्द. सगळी गाणी टाइप करून छापून घ्या आणि गिटार बाजूला ठेवायला सांगून तिच्याकडून नुसती वाचून घ्या. जिथे ती वाचताना अडखळते तिथे बहुतेक वेळा अक्षरं चालीत कोंबलेली असतात. एका गाण्यात चार अंतरे होते आणि तिसरा अंतरा दुसऱ्याचंच म्हणणं वेगळ्या शब्दांत सांगत होता. मी म्हटलं, “हा अंतरा कुणासाठी आहे?” ती बराच वेळ काही बोलली नाही. दोन दिवसांनी तिने स्वतःच तो काढला. निर्मात्याने इथे प्रश्न विचारावेत, कात्री हातात घेऊ नये. शब्द तिचे आहेत, आणि ते रात्रीबेरात्री, वर्षानुवर्षं तिलाच गायचे आहेत.

कागदपत्रं याच टप्प्यावर उरकून टाका. गाण्याच्या शब्दांचा आणि चालीचा हक्क वेगळा, त्याच्या ध्वनिमुद्रणाचा हक्क वेगळा; दोन्ही कुणाकडे राहतील ते लिहून ठेवा. मी एखादा कॉर्ड सुचवला म्हणून मी सहसंगीतकार होतो का? आमचं ठरलं, नाही. मैत्रीत हे बोलायला अवघड वाटतं, पण गाणं गाजल्यावर ते बोलणं दहापट अवघड होतं.

पट्टी आणि लय

घरी हळू आवाजात गाणं लिहिणारे लोक बऱ्याचदा चुकीच्या पट्टीत लिहितात. शेजारी झोपलेले असतात, आवाज दाबलेला असतो, म्हणून ती पट्टी सोयीची वाटते. माइकसमोर उभं राहून मोकळ्या गळ्याने तेच गाणं म्हणायला लावा आणि सर्वांत वरच्या सुरावर तिचा चेहरा पाहा. मान वर जात असेल, हनुवटी पुढे येत असेल, तर पट्टी चढी आहे. आमचं एक गाणं पांढरी पाचमध्ये (पेटीच्या पाचव्या पांढऱ्या पट्टीत) होतं. कॅपो (तारा दाबून पट्टी चढवणारा चिमटा) तिसऱ्या फ्रेटवरून, म्हणजे गिटारच्या मानेवरच्या तिसऱ्या आडव्या पट्टीवरून, पहिल्यावर आणला आणि बोटांची ठेवण न बदलता ते पांढरी चारमध्ये आलं. एका सुराच्या फरकाने मुखड्यातली ओरड गेली आणि विनवणी उरली. उलटंही घडतं, एक गाणं खालच्या सुरात इतकं गडप होत होतं की अर्धा सूर चढवावा लागला.

लयीचा निर्णय गाण्यागणिक घ्या. पुढे तालवाद्यं येणार असतील तर क्लिक हवाच, असा एक समज आहे. तसं काही नाही. मोकळ्या लयीतला टेक, म्हणजे गाण्याचं एक सलग रेकॉर्डिंग, आधी घ्या, नंतर सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक मात्रेला खुणा करून लय कुठे किती बदलते त्याचा, त्या टेकचाच टेम्पो नकाशा बनवा. ग्रिड (सॉफ्टवेअरमधल्या मात्रांच्या रेषा) गाण्यामागे चालते, गाणं ग्रिडमागे नाही. नऊपैकी दोनच गाणी आम्ही क्लिकवर घेतली, कारण त्यांत ठेकाच मुख्य होता. बाकीच्यांसाठी टेक सुरू करायच्या आधी तिला २० सेकंद क्लिक ऐकवायचा आणि बंद करायचा, एवढंच.

दोन माइक, एक माणूस

आता खरी अडचण. एकत्र गायलं-वाजवलं की गळ्याच्या माइकमध्ये गिटार शिरते आणि गिटारच्या माइकमध्ये गळा. थोडं शिरलं तर बिघडत नाही. पण मिक्समध्ये, म्हणजे सगळे ट्रॅक एकत्र जुळवताना, गिटार वाढवली की आवाजही सोबत वाढू लागतो आणि शिवाय लांबून आल्यासारखा पोकळ होतो.

यावरचा उपाय म्हणजे फिगर-एट पॅटर्नचे दोन माइक. हा माइक पुढून आणि मागून ऐकतो, पण दोन्ही बाजूंनी, वरून आणि खालून जवळजवळ बहिरा असतो. आपल्याला तो बहिरेपणाच कामाला लावायचा आहे. गळ्याचा माइक ओठांसमोर ठेवा आणि असा कलता करा की त्याचं बूड गिटारकडे रोखलेलं राहील. गिटारचा माइक साधारण बाराव्या फ्रेटकडे तोंड करून ठेवा आणि असा कलता करा की त्याचा माथा तिच्या तोंडाच्या दिशेने राहील. आता हेडफोन लावून गिटारचा माइक एकटा ऐका, तिला फक्त गायला सांगा, आणि कुणाला तरी माइक बोटभर इकडे तिकडे फिरवायला लावा. एका जागी आवाज एकदम बारीक होतो. तिथे स्टँड घट्ट करा. दुसऱ्या माइकसाठीही हेच, यावेळी नुसती गिटार वाजवून. आम्हाला यात ४० मिनिटं लागली आणि नंतर त्या ४० मिनिटांनी आठवडे वाचवले.

अंतर महत्त्वाचं. फिगर-एट माइक जवळ आणला की खर्ज फुगतो, इतर पॅटर्नपेक्षा जास्त फुगतो. गळ्यासाठी २० ते २५ सेंटीमीटर, मध्ये पॉप फिल्टर (‘प’, ‘फ’च्या फुंकरा अडवणारी जाळी). गिटारसाठीही तेवढंच. साउंडहोलसमोर (गिटारच्या गोल भोकासमोर) थेट माइक लावू नका, तिथून नुसता घुमारा येतो. आणि माइकची पाठही पोटाइतकंच ऐकते हे विसरू नका. तिच्यामागे काचेची खिडकी किंवा मोकळी भिंत असेल तर जाड रजई टांगा. फिगर-एट माइक नसेल तर साधा, फक्त पुढून ऐकणारा कार्डिऑइड माइक चालेल. तो मागून कमी ऐकतो, म्हणून गळ्याच्या माइकची पाठ गिटारकडे करा. वेगळेपणा कमी मिळेल, पण गाणं एकसंध राहील.

मग दोन्ही माइक एकत्र, मोनोमध्ये (डावं-उजवं न करता एकाच वाहिनीत) ऐका. ध्वनी साधारण ३४ सेंटीमीटर अंतर कापायला एक मिलिसेकंद घेतो, म्हणजे एकच आवाज दोन माइकपर्यंत किंचित पुढेमागे पोहोचतो आणि काही स्वर एकमेकांना खातात. एका ट्रॅकची पोलॅरिटी, म्हणजे ध्वनिलहरीची वर-खाली दिशा, उलटून पाहा. ज्या स्थितीत आवाज भरलेला वाटेल ती ठेवा. दोन्ही स्थितींत पातळच वाटला तर बटणांशी खेळू नका, माइक हलवा.

बाकी तांत्रिक गोष्टी पटकन सांगतो. रेकॉर्डिंगच्या दर्जासाठी २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ पुरेसं आहे. सर्वांत मोठा आवाज उणे १० डीबीच्या आसपास राहील इतकाच गेन (माइकचा आवाज वाढवायचं प्रमाण) ठेवा. चाचणीच्या वेळी माणूस हातचं राखून गातो आणि खऱ्या टेकमध्ये सुटतो. तारा आदल्या दिवशी बदला, त्याच सकाळी नाही, कारण नव्या तारा ताणून बसेपर्यंत उतरत राहतात. कॅपो लावल्यावर गिटार पुन्हा जुळवा, आणि प्रत्येक टेकच्या आधी पुन्हा. घड्याळ, बांगड्या, शर्टाची बटणं, करकरणारी खुर्ची, सगळं तपासा. आमच्या एका सुंदर टेकमध्ये जॅकेटची चेन गिटारच्या पाठीला दर चौथ्या मात्रेला टकटक करते. टेक इतका चांगला होता की ती टकटक अल्बममध्ये आहे. आता मला तीच ऐकू येते.

हेडफोनची गरज यात जवळजवळ संपते, आणि हा मोठा फायदा आहे. खोलीतला स्वतःचा आवाज ऐकत माणूस बरोबर गातो. क्लिकच्या दोन गाण्यांना हेडफोन लागले, तेव्हा बंद कपाचे वापरले आणि एक कान उघडा ठेवला. हेडफोनमध्ये आवाज संगणकातून फिरून येत असेल तर बफर (संगणक एका वेळी हाताळतो तो आवाजाचा तुकडा) कमी ठेवा: ४८ किलोहर्ट्झवर १२८ सॅम्पल म्हणजे आत येताना आणि बाहेर जाताना प्रत्येकी सुमारे २.७ मिलिसेकंद. त्यावर इंटरफेसचा (माइक संगणकाला जोडणाऱ्या पेटीचा) स्वतःचा उशीर असतो तो वेगळा.

टेक घेताना

दिवसाला दोन गाणी, फार तर तीन. सर्वांत अवघड गाण्याने सुरुवात करू नका आणि सर्वांत सोप्यानेही नाही. जे तिला झोपेतही येतं त्याने करा. एका गाण्याचे सलग तीन-चार टेक, मग विश्रांती. सहाव्या टेकनंतर ती गाणं म्हणत नव्हती, आधीच्या टेकमधल्या चुका टाळत होती. सहा झाले की गाणं बदला, उद्या पुन्हा या.

आणि टॉकबॅक, म्हणजे बटण दाबून काचेपलीकडे बोलायचा माइक. टेक संपल्यावर काचेच्या या बाजूने किती वेळ शांतता आहे, हे गाणारा मोजत असतो. एकदा टेक संपल्यावर मी आणि रेकॉर्डिस्ट एका अडकलेल्या फाइलबद्दल अर्धा मिनिट बोलत होतो. तिला ऐकू येत नव्हतं, दिसत मात्र होतं: दोन माणसं, कपाळाला आठ्या, माना नकारार्थी हलतायत. पुढचे दोन टेक कोलमडले. शेवटी तिने विचारलं, “दादा, इतकं वाईट झालं का?” त्या दिवसापासून नियम केला: शेवटची तार विझली की पाच सेकंदांत बटण दाबून काहीतरी बोलायचं. “ऐकतोय, एक मिनिट दे” एवढंही पुरतं.

सूचना एका वेळी एकच द्या, आणि ती गळ्याबद्दल नको. “दुसऱ्या ओळीत सूर उतरतोय” म्हटलं की पुढच्या टेकमध्ये ती ओळ सुरात येते आणि उरलेलं गाणं सावध होतं. “ही ओळ त्याला समोर बसवून म्हण” म्हटलं की सूर आपोआप सुधारतो. नेहमी नाही. पण पुष्कळदा.

टेक निवडणं आणि जोडणं

त्याच रात्री निवड करू नका. प्रत्येक टेक चालू असताना छापील शब्दांवर खुणा करत जा: चांगली ओळ, चुकलेला शब्द, खडखडाट. दुसऱ्या दिवशी आधी सगळे टेक डोळे मिटून, कागद बाजूला ठेवून ऐका आणि एक पाया निवडा, ज्यात गाण्याचा प्रवास सर्वांत खरा वाटतो तो. मग त्यातल्या फक्त अडणाऱ्या जागा दुसऱ्या टेकमधून घ्या.

एकत्र रेकॉर्डिंगची किंमत इथे मोजावी लागते. नुसता गळा बदलता येत नाही, कारण जुना गळा गिटारच्या माइकमध्ये बारीक का होईना आहेच. कापायचं तर दोन्ही ट्रॅक एकाच जागी कापा, आणि ती जागा ओळींच्या मधली, तार नव्याने छेडली जाते त्याच्या किंचित आधीची असू द्या. लय मोकळी असेल तर दोन टेकचा वेग जोडापाशी जुळतो का ते बघा. सूर सुधारणाऱ्या सॉफ्टवेअरलाही इथे मर्यादा आहे: गळ्याचा सूर सरकवला की त्यात शिरलेली गिटारही सरकते आणि दुसऱ्या माइकमधल्या गिटारशी भांडते. आम्ही नऊ गाण्यांत मिळून एकूण ११ जोड दिले. सूर एकदाही सरकवला नाही. दोन जागा अजूनही किंचित उतरलेल्या आहेत, आणि त्यातली एक मला अल्बममधली सर्वांत आवडती जागा वाटते.

बाकीची वाद्यं

इथे निर्मात्याचा हात शिवशिवतो. माझाही शिवशिवला, एका गाण्यावर मी सात ट्रॅक चढवले होते. चाचणी सोपी आहे. एकेक वाद्य बंद करून गाणं सुरुवातीपासून ऐका. काही गेल्यासारखं वाटलं तरच ते वाद्य परत घ्या. सातांतले दोन उरले, बेस गिटार आणि एक चेलो (व्हायोलिनचं मोठं, खर्जाचं भावंड).

क्रम असा ठेवा की बेस आधी, तालवाद्य नंतर. मोकळ्या लयीत बेसवादक गिटारच्या अंगठ्याला धरून चालतो आणि मग तालवाद्याला दोघांचा आधार मिळतो. वादकाला टेम्पो नकाशावरून काढलेला क्लिक देता येतो, पण आमच्या तालवादकाने तो दोन मिनिटांत बंद करायला लावला आणि तिचे शब्द पाठ केले. श्वास कुठे आहे ते कळलं की ठोका आपोआप तिथे पडतो. चेलोसारखं ओढून वाजवायचं वाद्य असेल तर त्या दिवशीच्या गिटारचा नेमका सूर तपासा. आमची एक गिटार नेहमीच्या ४४० हर्ट्झच्या मापापेक्षा थोडी वर जुळलेली होती आणि चेलोवादकाने ते पहिल्या स्वरातच पकडलं.

मिक्स

आधी फेडरने (आवाजाच्या सरकत्या दांडीने) हाताने आवाज वर-खाली करून घ्या, मोठे आवाज आपोआप दाबणारा कॉम्प्रेसर नंतर लावा. ओळीच्या शेवटी विरणारा शब्द एक-दोन डीबीने उचलला की कॉम्प्रेसरला थोडंच काम उरतं. मग २:१ किंवा ३:१ या प्रमाणात तीन-चार डीबीचा दाब पुरतो. ‘स’ आणि ‘श’ टोचत असतील तर बहुधा ५ ते ८ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात डी-एसर, म्हणजे तेवढेच टोचरे आवाज दाबणारं साधन, लागेल. दोन माइक एकमेकांत मिसळलेले आहेत, म्हणून गळ्यावरच्या प्रत्येक ईक्यूचा (खर्ज-तार कमीजास्त करण्याचा) परिणाम गिटारवर होतो हे लक्षात ठेवून दोन्ही एकत्र चालू असतानाच फिरवाफिरव करा. बराचसा वेळ हळू आवाजात, एका लहान स्पीकरवर ऐका. त्यात शब्द कळत नसतील तर मोठ्या स्पीकरवरचं वैभव खोटं आहे.

ती म्हणणार, “माझा आवाज कमी करा.” जवळजवळ सगळेच म्हणतात. आपला आवाज आपण एरवी हाडांमधूनही ऐकतो, त्यामुळे रेकॉर्डिंगमधला आवाज परका आणि पातळ वाटतो. वाद घालू नका. दोन मिक्स द्या, एकात आवाज एक डीबी खाली, नावं न सांगता, आणि चार दिवसांनी निवडायला सांगा. दुरुस्त्यांच्या तीन फेऱ्या आधीच ठरवून घ्या आणि प्रत्येक फेरीला एकच लेखी यादी स्वीकारा. रात्री दोन वाजता आलेले सुटे निरोप धरू नका, सकाळी तिलाही ते आठवत नाहीत.

मास्टरिंग, म्हणजे तयार मिक्सवरचा शेवटचा हात, दुसऱ्याकडे द्या, कारण तुमचे कान आता थकलेले आहेत. त्याला २४ बिट फाइल द्या, एकत्रित मिक्सवर लिमिटर (आवाजाला वरची हद्द घालणारं साधन) न लावता, वर काही डीबी जागा सोडून. स्ट्रीमिंग सेवा गाण्यांची पातळी स्वतःच समान करतात, त्यातल्या बऱ्याच उणे १४ लफ्सच्या (कानाला जाणवणाऱ्या आवाजाचं माप) आसपास, त्यामुळे असलं गाणं ठासून मोठं करण्यात हाशील नाही. ट्रू पीक, म्हणजे आवाजाचं खरं टोक, उणे १ डीबी ठेवा. प्रत्येक रेकॉर्डिंगला १२ अक्षर-अंकांचा आयएसआरसी कोड (त्या रेकॉर्डिंगची जागतिक ओळख) लागतो, तो याच वेळी लावून घ्या. गाण्यांचा क्रम मात्र मास्टरिंगच्या आधी पक्का करा. दोन गाण्यांमधली शांतता किती सेकंद, हेही त्यात आलं.

सगळं सोपवताना

तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साठवणीवर, त्यातली एक दुसऱ्या इमारतीत. प्रोजेक्टसोबत प्रत्येक ट्रॅक शून्य सेकंदापासून सुरू होणाऱ्या वेव्ह फाइलच्या रूपातही द्या, कारण आजचं सॉफ्टवेअर दहा वर्षांनी उघडेलच असं नाही. कोणत्या गाण्याला कॅपो कुठे, कोणत्या तारा, माइकचं अंतर किती, हे एका कागदावर. मी टेप लावून जमिनीवरच्या स्टँडच्या जागांचे फोटो काढले होते, तेही दिले.

एक गोष्ट मात्र मी विसरलो. वर्षभराने तिचा फोन आला. एका नृत्यगटाला तिच्या एका गाण्याचा गायनाशिवायचा ट्रॅक हवा होता, ते मंचावर स्वतः गाणार होते. मी गळ्याचा ट्रॅक बंद केला आणि गिटारच्या माइकमधून ती, लांबून, अख्खं गाणं म्हणत होती. तेव्हा एकत्र रेकॉर्ड करणार असाल तर टेक पक्का झाल्यावर माइक हलवायच्या आधी तिला एकदा गाणं मनातल्या मनात म्हणत नुसती गिटार वाजवायला सांगा. पाच मिनिटांचं काम आहे. आम्हाला त्यासाठी सगळं सामान पुन्हा मांडावं लागलं, आणि त्या फोटोंवरून स्टँड नेमके त्याच खुणांवर ठेवता आले, एवढंच काय ते बरं झालं.